मॅपलबेकचं साल

सोमवार, ८ सप्टेंबर १९५८

आज आलं ते असं. कोळसा एक पोतं, साडेसात शिलिंग, त्यात चूरच फार. धुण्याचा सोडा, सात पेनी. काळा सुती दोरा, चार पेनी. लंडनच्या जुन्या मोटारींच्या संघाचं पाकीट, आत तीन छायाचित्रं आणि चिटणीस लडलम यांचं पत्र. त्याला खर्च नाही, पण छायाचित्रं परत करायची तिकिटं आपल्या पदरची. म्हणून मी ती साठवते आणि महिन्याअखेर एकत्र पाठवते. क्लेमेंटचं उत्तर तेवढं साध्या पत्राने लगेच जातं.

वारा चांगला होता, चादरी वाळल्या. गुडघा सकाळपासून ठणकतोय. क्लेमेंट दाराशी खुर्ची टाकून बसला होता. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी आला की सायकलीच्या आवाजावरून त्याला कळतं.

"आलं का गं पाकीट?"

"आलंय. माझे हात ओले आहेत."

"मग पूस की."

"आधी चादरी पिळते. तुझ्या मोटारी पन्नास वर्षं उभ्या आहेत, आणखी तासभर राहतील."

तरी तो पाकीट मांडीवर घेऊन बसून राहिला. रात्री प्रार्थना म्हणताना मला मध्येच डुलकी लागली. देव समजून घेईल.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर छायाचित्रं घेतली. मी खिडकीकडे तोंड करून बसते, हातात भिंग. क्लेमेंट समोर बसतो आणि विचारतो. दोन वर्षं झाली, हे असंच चाललं आहे. काचबिंदूने आधी त्याची कडेची नजर गेली, मग मधली. आता खिडकी कुठे आणि भिंत कुठे एवढंच कळतं. हल शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले.

पहिल्या छायाचित्रात एक पाद्री, त्याच्या दोन बहिणी, आणि मोटार.

"पुढून कशी दिसते?"

"आपली कोळशाची बादली पालथी घातली तर दिसेल तशी."

"रेनॉ. पुढे जाळी नाही ना?"

"पुढे नाही. दोन्ही कडांना नळ्यानळ्यांचं काहीतरी आहे. कपडे वाळवायच्या घोड्यासारखं."

तो हसला. "तोच त्यांचा रेडिएटर. एकोणीसशे तीन, फार तर पुढचं साल. चाकाचे आरे मोज."

आरे मोजले. लाकडी होते. मग दिवे, मग पायरी, मग मडगार्ड. तो विचारत जातो आणि मी दिसेल ते माझ्या भाषेत सांगते. नाव आणि साल तो सांगतो. मी लिहिते, मग त्याचं बोट कागदावरच्या रेघेशी टेकवते, आणि तो सही करतो. सही अजून वळणदार येते. तरुणपणी मोटारींच्या अंगावर सोनेरी रेघा ओढायचं काम केलेला हात आहे.

संघात हे कुणालाच ठाऊक नाही. दर महिन्याच्या पत्रकात छापून येतं, 'छायाचित्रांची ओळख: क्लेमेंट सोवर्बी'. मी ते वाचून दाखवते आणि तो म्हणतो, "बरं, पुढे." पण त्या दिवशी तो दोन वाट्या पुडिंग खातो. दिसत नाही हे कळलं तर काम दुसऱ्याला जाईल. मग सकाळी उठून दाढी करायला त्याला काय कारण उरेल, मला माहीत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज आणखी एक छायाचित्र आलं, एकटंच, घाईचं. लडलम यांचं पत्र चांगलं दोन कागदांचं. पूर्वी हा माणूस दोन ओळी लिहायचा, 'कृपया ओळख पटवावी' आणि खाली सही. हल्ली वर्षभर काय झालंय कोण जाणे, मोटारीचं नाक कुणीकडे, माणसं किती, मागे घर आहे की झाड, सगळं स्वतःच लिहितो. छायाचित्रंसुद्धा मोठी करून पाठवतो. एवढं सगळं दिसतं तर आम्हाला कशाला विचारतो, असं मी म्हटलं. क्लेमेंट म्हणाला, "माणूस म्हातारा झाला की लांबण लावतो." पत्राच्या शेवटी मला नमस्कार आणि 'तुमच्या श्रमांची मला कल्पना आहे.' चहा करण्यात कसले आले श्रम.

तर प्रकरण असं. लिंकन गावाकडे टास्कर म्हणून एक लोहार आहे. एका डॉक्टरच्या पडक्या कोठारात त्याला मोटारीचा सांगाडा सापडला, आणि सात वर्षं खपून त्याने ती उभी केली. गाडी मॅपलबेक. असा कारखाना होता हे आता कुणाला आठवतही नाही, पण क्लेमेंट तिथेच गाड्या रंगवायच्या खात्यात कामाला होता. टास्करला नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनला जाणाऱ्या जुन्या मोटारींच्या दौडीत गाडी न्यायची आहे. तिथे १९०४ संपायच्या आत बांधलेल्याच गाड्या घेतात. सांगाड्यावर आकडा नाही, दांडे-बिंडे गंजून गेलेले. पुरावा एकच. डॉक्टरच्या माळ्यावर फोटोची एक जुनी काचेची प्लेट सापडली, तिच्यावरून औषधांच्या दुकानात हे छायाचित्र छापून घेतलं.

ही दौड रविवारी असते. देवाचा दिवस सोडून मोटारी पळवतात. म्हणून क्लेमेंट कधी बघायला गेला नाही, आणि आता जाऊन उपयोग नाही.

भिंग लावून बसले. मोटार आडवी उभी, नाक उजवीकडे. समोर दोन पुरुष, एक चाकाला टेकलेला, त्याच्याआड स्टिअरिंग झाकलं गेलंय.

"नाक उजवीकडे म्हणजे उजवं अंग आपल्याकडे," क्लेमेंट म्हणाला. "आता नीट बघ. बाहेरच्या बाजूला, बसायच्या जागेपाशी, दोन उंच दांडे आहेत का? गिअरचा आणि ब्रेकचा?"

"नाहीत."

"परत बघ."

"अरे, नाहीत म्हणजे नाहीत. अंग अगदी सपाट आहे. बॉनेटखाली एक पितळी टोपण दिसतंय, चहाच्या किटलीच्या झाकणाएवढं."

"उजवीकडे टोपण? मग कुणीतरी मागाहून बसवलं असेल. ते सोड. दांडे नाहीत ना?"

तो बराच वेळ बोटांनी टेबलावर रेघा ओढत होता. मग म्हणाला, चार सालापर्यंत मॅपलबेकचे दांडे उजवीकडे बाहेर असायचे. पाचच्या वसंतात ते आत घेतले. ती पहिली खेप त्याने स्वतः रंगवली होती, हिरव्यावर पिवळी रेघ.

"लिही. एकोणीसशे पाच किंवा नंतरची. शंका नाही."

"सात वर्षं खपला म्हणतात बिचारा."

"मी काय करू हॅना? मोटार आहे ती आहे."

लिहिलं. सही झाली.

रविवार, १४ सप्टेंबर

चॅपलमध्ये खरेपणावर प्रवचन. पाद्रीबुवा सरळ माझ्याकडे बघत होते असं वाटलं. ते सगळ्यांकडेच तसं बघतात म्हणा. क्लेमेंटच्या नावाने जातं ते मी पाहिलेलं असतं. पण मला त्यातलं काही कळत नाही, मी बादली म्हणते आणि तो रेनॉ म्हणतो. मग खोटं कुठे आहे? आणि खोटं नसेल तर लपवतो कशाला? मटण जरा करपलं.

शनिवार, २० सप्टेंबर

नणंद आली होती, डोरा. बसल्या बसल्या सुरू.

"काय रे क्लेमेंट, अजून त्या भंगाराच्या तसबिरी चालूच?"

"चालू आहेत."

"आणि ही बाई डोळे फोडून घेतेय तुझ्यापायी. हॅना, आरशात बघितलंस का स्वतःला? धुवून वाळत घालायची राहिलेली चादर दिसतेस."

"गुडघा दुखतो," मी म्हटलं.

"गुडघा तोंडावर कसा दिसतो गं? क्लेमेंट, आंधळ्यांच्या शाळेत टोपल्या विणायला शिकवतात. आमच्या शेजारचा हॅरल्ड जातो. दिवस छान जातो म्हणे."

"हॅरल्ड आधीपासूनच टोपलीएवढ्या अकलेचा," क्लेमेंट म्हणाला. डोरालाही हसू आलं. पण ती गेल्यावर जेवताना त्याने चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "टोपल्या."

मी भांडी घासली.

मंगळवार, ३० सप्टेंबर

लडलम यांचं पत्र. टास्करला नकार कळवला. पत्र मी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. त्यात एक ओळ होती, 'टास्कर यांना फार लागलं आहे, त्यांची पत्नी ईस्टरला वारली, गाडी तिच्याच हौसेने सुरू केली होती.' ती मी गाळली. आणखी होतं, की यादी अकरा तारखेला छापायला जाते, त्याआधी सोवर्बींना काही वेगळं वाटलं तर जरूर कळवावं. ते वाचलं.

"वेगळं काय वाटायचं?" क्लेमेंट म्हणाला. पण खूष दिसला. त्याचा शब्द शेवटचा मानला गेला.

छायाचित्रं महिनाअखेरीला पाठवायची ती राहिली. मोठं पाकीट घरात नाही, आणि एवढ्यासाठी नवं आणवत नाही. गुरुवारी डोराकडून जुनं घेईन.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज टास्कर स्वतः आला. बस बदलत बदलत, एवढ्या लांबून. मी ओट्याशी होते. दारात उंच, वाकलेला माणूस, बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला भलामोठा भोपळा.

"सोवर्बीबाई? मी भांडायला नाही आलो. हे आमच्या वाफ्यातलं. आणि कुठे चुकलं एवढं समजून घ्यायचंय."

क्लेमेंट उठून उभा राहिला आणि आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. त्याने हे चांगलं साधलं आहे. टास्करने हात धरला. मी चहा ठेवला, पाव आणि डुकराच्या मांसाची थंड वडी काढली.

दोघांचं चांगलं जमलं हे कबूल केलं पाहिजे. मॅपलबेकचा मुकादम किती तिरसट होता, वार्निशात माशी पडली तर कसा ओरडायचा, ते क्लेमेंट सांगत होता. टास्कर म्हणाला, "म्हणजे माझ्या गाडीवर तुमचाच ब्रश फिरला असेल."

"पाचची असेल तर नक्की माझाच."

"आणि चारची असेल तर?"

"तरी माझाच. पण ती चारची नाही."

"बरं," टास्कर म्हणाला. त्याने पाकीट काढलं आणि एक छोटं छायाचित्र क्लेमेंटच्या हातात दिलं. "ही आता, रंग दिल्यावर."

क्लेमेंटने ते नाकापाशी धरलं, खिडकीकडे वळवलं. "छान. बॉनेटची रेघ सरळ आली आहे." हे चुकायचं कारण नव्हतं.

मग टास्करने दुसरं छायाचित्र दिलं. काही न बोलता. मी चहाची किटली घेऊन क्लेमेंटच्या खुर्चीमागे उभी होते, मला दिसलं. त्यात मोटार नव्हती. एक जाडशी बाई कोंबड्यांना दाणे टाकत होती.

क्लेमेंटने तेही वळवलं. "हं. ही मागून घेतलेली. मडगार्ड जरा वाकलंय, ते ठोकून घ्या."

मी किटली खाली ठेवली. दुसरं काय करणार होते.

टास्करने छायाचित्र परत घेतलं, कोटाच्या बाहीवर पुसलं आणि पाकिटात ठेवलं. "हो," म्हणाला, "वाकलं होतं खरं. ठोकतो." मग त्याने सावकाश, घोट घोट करत सगळा चहा संपवला आणि मांसाची वडी फार चांगली झाली म्हणाला. संघाबद्दल, दौडीबद्दल एक अक्षर नाही.

दाराशी त्याने टोपी घातली. "बाई, भिंग तुमच्या हातात असतं ना?"

मी एप्रनला हात पुसले.

"मग एकदा तुम्हीच बघा सवडीने. माझं वय चौऱ्याहत्तर आहे, मला पुढच्या वर्षाचा भरवसा वाटत नाही, एवढंच." आणि गेला. बसला अजून अर्धा तास होता, तरी आत या म्हणवेना.

आता हा लंडनला लिहिणार. लिहायलाच पाहिजे, मीसुद्धा लिहिलं असतं. क्लेमेंट म्हणतो, "सज्जन माणूस. डोळ्यांचं काही लक्षात आलं नाही त्याच्या."

मी म्हटलं, "नाही आलं."

शनिवार, ४ ऑक्टोबर

पोस्टमन आला तेव्हा मीच आधी दाराशी गेले. फक्त कोळसेवाल्याचं बिल. भोपळ्याचा मुरंबा घातला. साखर फार लागली.

रविवार, ५ ऑक्टोबर

चॅपलमध्ये नव्या पिकासाठी देवाची आभारप्रार्थना. निघायच्या आधी क्लेमेंटला तयार करत होते. त्याच्या वास्कटाच्या गुंड्या हल्ली मीच लावते, तो एक घर चुकवतो आणि सगळं तिरकं बसतं. मी समोर उभी. माझ्या उजव्या हाताशी काजं असतात, डाव्या हाताशी गुंड्या. रोजचंच आहे, बोटं आपोआप चालतात. आणि एकदम मला ते चाकाला टेकलेले गृहस्थ आठवले. त्यांचं वास्कट मी भिंगातून पाहिलं होतं तेव्हा काहीतरी खुपलं होतं. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, शिंपी बाईमाणूस असणार.

कप्प्यातून छायाचित्र काढलं. क्लेमेंट हाक मारतोय, उशीर होतोय, घंटा झाली. मी भिंग लावलं. दोघांचेही कोट बायकांसारखे उलट्या बाजूने बंद केलेले. वरचा खिसा उजव्या छातीवर.

चॅपलमध्ये गहू, बटाटे, फुलं, सगळं सजवलेलं. मला एकही गाणं धड म्हणता आलं नाही.

घरी आल्यावर सांगितलं. कोट काढायच्या आधीच सांगितलं, नाहीतर राहिलं असतं.

क्लेमेंट खाली बसला.

"प्लेट पालथी ठेवून छापली," तो म्हणाला. "औषधवाल्याने काच उलटी ठेवली. सगळं आरशातल्यासारखं उमटलं."

"म्हणजे ते उजवं अंग नव्हे?"

"डावं. डावीकडे दांडे कधीच नव्हते, ना चारला ना पाचला." मग हळूच म्हणाला, "ते टोपण. किटलीच्या झाकणाएवढं म्हणालीस ते. बॉनेटखाली आहे? पायरीच्या वर?"

"हो."

"पाणी भरायचं टोपण. डावीकडे फक्त चारपर्यंत होतं. नंतर ते वर नेलं." तो हातांनी चेहरा चोळत होता. "ती चारची आहे हॅना. मी तिला पाहिलीही असेन."

मला बरंच वाटलं. मी म्हटलं, उद्या लिहू, दिवस आहेत अजून.

"लिहायचं नाही."

"का?"

"तुला नाही कळत? जुनं छायाचित्र हातात आलं की आधी माणसांचे कोट बघायचे, मग मोटार. काचेच्या प्लेटा उलट्या छापल्या जातात म्हणून. हे मीच पत्रकात लिहिलंय, सगळ्या संघाला मी शिकवलंय. डोळे असलेला माणूस, आणि त्यातून मी, ही चूक करणार नाही. पत्र पोचलं की लडलमला त्याच क्षणी कळेल."

"मग मला का नाही विचारलंस, कोट कसे आहेत म्हणून?"

"ते मी कधी विचारायचो नाही. ते डोळेच करायचे. मी विचार करायच्या आधीच झालेलं असायचं." मग म्हणाला, "तू का नाही सांगितलंस?"

"तू मोटारीचं विचारलंस. कोटाचं सांगून मध्ये बोलू नये म्हटलं."

"टास्कर पुढच्या वर्षी येईल. दौड काही पळून जात नाही."

"त्याला पुढचं वर्ष मिळेल असं तुला कुणी सांगितलं? त्याची बायको गेली क्लेमेंट. ईस्टरला. लडलमनी लिहिलं होतं, मी ती ओळ तुला वाचून दाखवलीच नाही. ज्या छायाचित्रात तू मडगार्ड वाकलंय म्हणालास ना, त्यात ती होती. कोंबड्यांना दाणे घालत."

हे असं तोंडातून जायला नको होतं. मग फार शांतपणे म्हणाला, "आणि त्याने ठोकतो म्हणून सांगितलं."

"हो."

"हॅना, मला काय उरेल मग? दाराशी बसून सायकल ऐकायची, आणि सायकल आपल्या दारावरून पुढे जायची."

गुडघे टेकून प्रार्थना करता येत नाही हल्ली, खुर्चीत बसूनच केली. नेहमी मी काय मागायचं ते ठरवून बसते. आज ठरलं नाही, नुसतीच बसले.

सोमवार, ६ ऑक्टोबर

धुणं. पाऊस. सगळं घरात दोऱ्यांवर. तो दाराशी बसला नाही. टपाल आलं की नाही तेही विचारलं नाही. टास्करने लंडनला काही लिहिलेलं दिसत नाही, निदान तिकडून काही आलं नाही. त्याने का लिहिलं नसावं?

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सकाळी उठले तर क्लेमेंट आधीच टेबलाशी, माझ्या जागेवर, खिडकीकडे तोंड करून. वास्कट स्वतः घातलेलं, एक घर चुकून तिरकं. दाढी केलेली, हनुवटीवर रक्त.

"कागद घे," तो म्हणाला.

मी चहासुद्धा ठेवला नाही. त्याने सांगितलं ते उतरवून घेतलं. मॅपलबेकचं छायाचित्र उलटं छापलेलं आहे, कोट पाहावेत. दिसतं ते गाडीचं डावं अंग आहे. टोपणावरून गाडी १९०४ची, याबद्दल शंका नाही, टास्कर यांना यादीत घ्यावं. चूक माझी आहे. गेली दोन वर्षं मला दिसत नाही, छायाचित्रं माझी पत्नी बघून सांगते आणि मी ओळखतो, हे आधी कळवायला हवं होतं. यापुढे छायाचित्रं दुसऱ्या कुणाकडे पाठवावीत.

"वाच," तो म्हणाला. "आणि काही गाळू नकोस. गाळतेस तेव्हा तू मध्येच श्वास घेतेस. मला दोन वर्षं ऐकू येतंय."

मी एका दमात वाचलं. त्याचं बोट रेघेशी टेकवलं. त्याने सही केली, नेहमीसारखीच वळणदार, आणि बोट उचललं नाही.

"पाठव आजच."

मग तो आत जाऊन पडला. मी वास्कट नीट केलं नाही, तसंच राहू दिलं. कोट चढवला, छायाचित्र डोराच्या जुन्या पाकिटात घातलं. आणि पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा बसले. त्याच्या सहीखाली थोडी जागा होती. तिथे मी माझं लिहिलं. त्याला विचारलं नाही. हे पहिल्यांदाच मी माझ्या नावाने लिहितेय. काय लिहिलं ते विसरायला नको म्हणून इथे उतरवून ठेवते.

'श्री. लडलम यांस,

वरील पत्र यजमानांनी सांगितलं तसं मी लिहिलं आहे, एक शब्द कमी नाही. हे खालचं त्यांना ठाऊक नाही. छायाचित्रं दुसऱ्याकडे पाठवा असं ते म्हणतात, पण मला मोटारीतलं काही कळत नसताना माझ्या बादल्या आणि किटल्या ऐकून ते गाडी आणि साल सांगतात, हे मी रोज पाहते. यापुढे आधी कोट कसे आहेत ते मी न विचारता सांगेन. नाव छापायचं नसेल तर छापू नका. संघाचं काम म्हणून नाही देता आलं तर, जी छायाचित्रं तुम्हाला टाकून द्यायची असतील ती पाठवा.

तुमचं उत्तर मलाच त्यांना वाचून दाखवावं लागेल आणि मी काही गाळलं की त्यांना कळतं. तेव्हा जे काही ठरेल ते असं लिहावं की मला पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचता येईल. सकाळच्या टपालाकडे त्यांचे कान असतात. कृपा करून उलट टपाली कळवावे.

हॅना सोवर्बी'